उन्हाळी शिबिराचा फॉर्म हिवाळ्यात भरायचा असतो! आठवी ते बारावीच्या मुलांसाठी मुंबई उपनगरात काय काय आहे, वाचा

शहापूर/जव्हार : परीक्षा संपल्या की आपल्या तालुक्यात पोरांची सुट्टी कशी जाते ते सगळ्यांना माहीत आहे. कुणी राब भाजायला, कुणी मोह वेचायला, कुणी करवंदं विकायला हायवेवर. ज्यांचे आईबाप वीटभट्टीवर गेलेत ती भिवंडी-वसईकडे. काही पोरं क्रिकेटमध्ये आणि बाकीची मोबाईलमध्ये. यात वाईट काही नाही, घरच्या कामाला हात लागतोच. पण त्याच एप्रिल-मे-जूनमध्ये मानखुर्दला देशभरातली शाळकरी मुलं वसतिगृहात राहून विज्ञान शिकत असतात, इस्रोच्या केंद्रात नववीची मुलं दोन आठवडे रॉकेट समजून घेत असतात. त्यात आपल्या तालुक्यातलं पोरगं क्वचितच दिसतं.

हुशारी कमी आहे म्हणून नाही. माहिती उशिरा पोचते म्हणून. मे महिन्यात फोन येतात, "पोराला सुट्टीत कुठं टाकता येईल का?" तोवर बहुतेक ठिकाणची मुदत संपलेली असते. भाताचं सांगायचं तर जूनमध्ये पाऊस पडल्यावर राबाची तयारी करून चालत नाही, ती आधीच झालेली लागते. शिबिराचंही तसंच. उन्हाळ्यातल्या शिबिराचा फॉर्म ऑगस्ट ते मार्चमध्ये भरायचा असतो.

आसनगावहून लोकल पकडली तर मुलुंड, घाटकोपर दीड-दोन तासांत. डहाणू-पालघरहून बोरिवली, अंधेरीला थेट गाडी आहे. आपल्या तानसा, भातसा, वैतरणेचं पाणी रोज मुंबईला जातं. मग आपली पोरं तिथल्या संस्थांत का जाऊ नयेत? कुठं काय आहे, फुकट काय, पैसे कशाला लागतात आणि कागद कोणते लागतात, हे खाली एकेक करून देत आहे.

१) मानखुर्द : होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र

कुर्ल्याला उतरून हार्बर लाईनने मानखुर्द. तिथं अणुशक्तीनगरजवळ हे केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा हा भाग, १९७४ साली सुरू झाला. भौतिकशास्त्र, रसायन, जीवशास्त्र, खगोलशास्त्र, गणित आणि दहावीपर्यंतच्या मुलांसाठी कनिष्ठ विज्ञान, या विषयांच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडसाठी भारताचा संघ इथं निवडला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये खगोलशास्त्राची आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईतच झाली.

निवड अशी होते. पहिला टप्पा नोव्हेंबरमधली लेखी परीक्षा. दहावीपर्यंतच्या मुलांनी कनिष्ठ विज्ञानाची द्यायची, वयाची अट असते. गणिताची पहिली परीक्षा सप्टेंबरमध्ये होते. त्यातून निवडलेल्यांची दुसरी परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास. आणि त्यातून वर आलेल्या मोजक्या मुलांचं शिबिर एप्रिल ते जून दरम्यान मानखुर्दला. पहिल्या परीक्षेला काही शे रुपये फी असते. शिबिरापर्यंत पोचलेल्या मुलाची राहण्या-जेवणाची सोय केंद्रच करतं.

स्पर्धा कठीण आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण निवड झाली नाही तरी जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरं केंद्राच्या वेबसाईटवर फुकट आहेत. आठवी ते दहावीसाठी 'विज्ञान प्रतिभा' उपक्रमाचं साहित्यही फुकट उतरवता येतं. त्यातले बरेच प्रयोग घरातल्या-शेतातल्या वस्तूंवर होतात. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी सुट्टीत आठवड्यातून एक दिवस पाच-दहा मुलं घेऊन हे केलं, तरी ते गावातलं शिबिरच झालं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. शाळाशाळांतून 'ऑलिंपियाड' नावाच्या खाजगी परीक्षा घेतल्या जातात, मेडल-सर्टिफिकेट मिळतं. त्या वेगळ्या आणि ही वेगळी. त्या देऊ नका असं म्हणत नाही, पण त्याचं मेडल घेऊन मानखुर्दच्या शिबिराला जाता येत नाही. पैसे भरण्याआधी विचारा, "ही होमी भाभा केंद्राच्या ऑलिंपियाडची पहिली पायरी आहे का?" हो की नाही, एवढंच उत्तर पाहिजे.

२) इस्रोचा 'युविका' : गावच्या शाळेला जास्तीचे गुण

हा मुंबईत नसतो, पण नववीच्या मुलांसाठी यासारखं दुसरं शिबिर नाही. २०१९ साली सुरू झालं. मे महिन्यात साधारण दोन आठवडे, इस्रोच्या वेगवेगळ्या केंद्रांत. अलीकडच्या वर्षांत देशभरातून साडेतीनशेच्या आसपास मुलं घेतली. मुलाचा रेल्वेप्रवास, राहणं, जेवण, पुस्तकं हा खर्च इस्रो करते. सोडायला-आणायला येणाऱ्या एका पालकाचं भाडंही देते.

आपल्यासाठी महत्त्वाचं हे की, अलीकडच्या नियमांत निवडीच्या शंभर टक्क्यांपैकी १५ टक्के पंचायत क्षेत्रातल्या शाळेत शिकणाऱ्या मुलाला वेगळे दिले जातात. ५० टक्के आठवीच्या गुणांना. बाकीचे ऑनलाईन प्रश्नमंजुषा, विज्ञान प्रदर्शन, ऑलिंपियाड, खेळ, स्काऊट-गाईड यांना. म्हणजे तालुका विज्ञान प्रदर्शनात भाग घेतल्याचं प्रमाणपत्र पत्र्याच्या पेटीत टाकून देऊ नका, ते इथं मोजलं जातं.

नोंदणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऑनलाईन आणि फुकट. मुख्याध्यापकांची सही-शिक्का असलेली कागदपत्रं लागतात. त्या वेळी शाळेत परीक्षेची गडबड असते, म्हणून जानेवारीतच सरांना आठवण करा.

३) पवई : आयआयटी मुंबई

कांजूरमार्गला उतरून किंवा अंधेरीहून बसने पवई. १९५८ सालची संस्था. आयआयटी म्हणजे फक्त जेईई आणि लाखो रुपयांचे क्लास, असं आपल्याला वाटतं. तिथं आणखी तीन गोष्टी आहेत.

पहिली, डिसेंबरमधला 'टेकफेस्ट'. विद्यार्थीच भरवतात. रोबो, यंत्रं, प्रदर्शन बघायला शाळेची मुलं जाऊ शकतात, आधी ऑनलाईन नोंदणी करावी लागते. शाळेची सहल वॉटरपार्कला जातेच, एखाद्या वर्षी इकडं नेली तर काय बिघडलं?

दुसरी, 'स्पोकन ट्युटोरिअल'. कॉम्प्युटरच्या वेगवेगळ्या सॉफ्टवेअरचे छोटे छोटे व्हिडिओ आयआयटी मुंबईने केलेत, त्यातले बरेच मराठीत. फुकट. सुट्टीत शाळेची कॉम्प्युटर लॅब कुलपात असते. ग्रामपंचायतीने शाळेशी बोलून ती दिवसाला दोन तास उघडली, तर पोरं टायपिंग, हिशेबाच्या शीट आणि थोडं प्रोग्रॅमिंग शिकतील.

तिसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. आयआयटीत बारावी आर्ट्स किंवा कॉमर्स करूनही जाता येतं. 'बी. डिझाईन' हा कोर्स, त्याची प्रवेश परीक्षा 'युसीड', ती आयआयटी मुंबईच घेते. फॉर्म ऑक्टोबरच्या सुमारास, परीक्षा जानेवारीत. बारावीला कुठलीही शाखा चालते. परीक्षेत चित्र काढायचा भाग असतो, बाकी निरीक्षण आणि तर्क. पेपर इंग्रजीत असतो, एवढी अडचण आहे. पण ज्या डहाणू-जव्हारच्या घरात भिंतीवर वारली चितारली जाते, तिथल्या पोराला निदान ही परीक्षा असते एवढं तरी कळायला हवं. चित्राचा हात असलेल्या पोराला आपण "याचा काय उपयोग" म्हणतो, तो उपयोग हा.

याच आयआयटीत १९८५ पासून ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचा एक विभाग आहे, सितारा. शहापूर, मोखाडा, कर्जत भागातल्या पिण्याच्या पाण्याच्या योजनांचा अभ्यास तिथल्या विद्यार्थ्यांनी केलाय. आपल्या टँकरचा प्रश्न तिथं अभ्यासाचा विषय आहे. तो सोडवायला आपल्याच गावचं पोरगं तिथं असलं तर जास्त बरं.

४) कलिना : विज्ञानाचा पाच वर्षांचा कोर्स

सांताक्रूझ पूर्वेला मुंबई विद्यापीठाच्या आवारात अणुऊर्जा विभाग आणि विद्यापीठ मिळून एक केंद्र चालवतात, २००७ पासून. बारावी सायन्सनंतर पाच वर्षांचा एकत्रित एमएस्सी. प्रवेश 'नेस्ट' परीक्षेवर, जी साधारण जूनमध्ये होते. पात्र मुलांना वर्षाला ६०,००० रुपये शिष्यवृत्ती आणि उन्हाळ्यातल्या प्रकल्पासाठी २०,००० वेगळे मिळतात. डॉक्टर-इंजिनिअर सोडून विज्ञानात पुढं जायचंय, पण घरची परिस्थिती नाही, अशा मुलासाठी हा रस्ता आहे. फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या आसपास निघतो, म्हणून निसटतो.

५) बोरिवली-गोरेगाव : एका दिवसात होणारं

सगळ्यांनाच मोठ्या परीक्षा द्यायच्या नसतात. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जंगल आणि कान्हेरी लेणी एका दिवसात बघून होतात. गोरेगावला चित्रनगरीजवळ बीएनएचएसचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे, तिथं पक्षी, फुलपाखरं यांचे कार्यक्रम होतात, काहींना फी असते. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे, १९६६ पासून. तिथलं सगळं काम मराठीत. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र उपनगरात नाही, पण सहलीला जोडून घेता येतं.

आपल्या पोरांना झाडं-पाखरं नवी नाहीत. उलट शहरातल्या मुलांपेक्षा त्यांना जास्त ओळखू येतात. पण जे आपल्याला येतं त्याचाही अभ्यास असतो, त्यात नोकरी असते, हे तिथं गेल्यावर कळतं.

इंग्रजीची भीती : खरी अडचण इथं आहे

दहावीला ८५ टक्के घेतलेलं मराठी माध्यमाचं पोरगं अकरावी सायन्सला दिवाळीपर्यंत गप्प होतं, हे आपण बघतो. याच विषयावर होमी भाभा केंद्राने ऐंशीच्या दशकात काम केलंय. केंद्राचे पहिले प्रमुख वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतली मागास समाजातली मुलं घेतली. त्यांना सोप्या भाषेत, बोलतं करून शिकवलं. त्यांचे शालांत परीक्षेचे निकाल सुधारले. पोरं मठ्ठ नव्हती, पुस्तकाची भाषा त्यांच्या डोक्यावरून जात होती.

म्हणून दहावीची परीक्षा ते अकरावीचं कॉलेज, हे जे अडीच-तीन महिने मिळतात, ते सोन्यासारखे आहेत. दहावीच्या विज्ञानाच्या मराठी पुस्तकाशेजारी इंग्रजी पुस्तक ठेवा. दोन्ही बालभारतीच्या साईटवर फुकट आहेत. रोज दहा शब्द वहीत लिहा, त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, संयुजा म्हणजे व्हॅलन्सी. दोन महिन्यांत सहाशे शब्द होतात. अकरावीच्या पहिल्या तासाला मास्तर काय बोलतात ते निदान कळेल.

आणि हेही माहीत असू द्या. नीट आणि जेईई मेन या परीक्षा मराठीतूनही देता येतात. एमएचटी-सीईटीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र मराठीत घेता येतं, गणित मात्र इंग्रजीतच. जेईई ॲडव्हान्स्ड इंग्रजी किंवा हिंदीत.

क्लासला पैसे नाहीत तर

'साथी' नावाचं पोर्टल आयआयटी कानपूर आणि शिक्षण मंत्रालयाने केलंय. जेईई, नीटची तयारी, व्हिडिओ, सराव परीक्षा, सगळं फुकट.

ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी महाज्योती संस्था दहावीनंतर अर्ज मागवते. जेईई, नीट, सीईटीचं दोन वर्षांचं ऑनलाईन प्रशिक्षण, सोबत टॅब आणि इंटरनेट डेटा. ग्रामीण मुलांसाठी गुणांची अट शहरापेक्षा कमी ठेवली जाते. नॉन-क्रीमीलेअर लागतंच. मराठा समाजासाठी सारथी, अनुसूचित जातींसाठी बार्टी, आदिवासींसाठी टीआरटीआय, त्यांच्या जाहिराती वेगळ्या निघतात.

आठवीतल्या मुलांनी एनएमएमएस परीक्षा सोडू नये. डिसेंबरमध्ये असते. सरकारी, अनुदानित, जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांसाठी, कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये खात्यात. चार वर्षांचे ४८,०००. अकरावीच्या पुस्तकांचा आणि गाडीभाड्याचा प्रश्न त्यातच सुटतो.

मुंबईत राहायचं कसं? मुलींचं काय?

बहुतेक घरात गाडं इथं अडतं. मुलगी हुशार असते, पण "मुंबईत एकटी कुठं ठेवणार?" यावर विषय संपतो.

पहिलं शासकीय वसतिगृह बघा. तिथं जागा मिळाली नाही तर योजना आहेत. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, इतर मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. मुंबईत शिकणाऱ्याला भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपये. आदिवासी योजनेची माहिती जव्हार, डहाणू, शहापूरच्या प्रकल्प कार्यालयात, बाकीची समाजकल्याणच्या ऑफिसात. पैसे हप्त्याने आणि उशिराने येतात, म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांची तजवीज घरची ठेवा.

मुलींसाठी जुलै २०२४ मध्ये शासन निर्णय झाला. व्यावसायिक अभ्यासक्रमाला सरकारी प्रवेश फेरीतून प्रवेश घेतलेल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ. कॉलेजने आधी पूर्ण फी मागितली तर हा निर्णय दाखवा.

शिबिरं या बाबतीत उपयोगी पडतात. पंधरा दिवस मुलगी इतर मुलींसोबत वसतिगृहात राहून परत आली, की आईबापाचीही भीड चेपते. दोन वर्षांनी कॉलेजला पाठवताना "नाही" म्हणायला जीभ रेटत नाही.

कागद : फॉर्मपेक्षा आधी हे

बऱ्याच मुलांची संधी गुणांमुळे नाही, दाखल्यामुळे जाते. चार कागद वर्षभर तयार पाहिजेत.

• उत्पन्नाचा दाखला : ३१ मार्चला मुदत संपते. फेब्रुवारीत काढलेला एप्रिलमध्ये चालत नाही. एप्रिल उजाडला की नवा काढा.
• जातीचा दाखला आणि जात पडताळणी : पडताळणीला वेळ लागतो. बारावीची वाट बघू नका, अकरावीतच प्रकरण टाका.
• नॉन-क्रीमीलेअर आणि डोमिसाईल : ज्यांना लागू त्यांनी.
• बँक खातं : मुलाच्या स्वतःच्या नावावर आणि आधारला जोडलेलं. आधार, शाळेचा दाखला आणि बँक, तिन्हीकडं नावाचं स्पेलिंग एकच हवं.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ प्रमाणे प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे. सेतूत अर्ज दिला की पावती घ्या. पावती नसेल तर मुदतही मोजता येत नाही.

वर्षाचं वेळापत्रक, कापून भिंतीला लावा

जून-जुलै : अकरावी प्रवेश, वसतिगृहाचे अर्ज, महाज्योतीची जाहिरात बघणे.
ऑगस्ट-सप्टेंबर : ऑलिंपियाडच्या पहिल्या परीक्षेचे फॉर्म, गणिताची परीक्षा, इन्स्पायर-मानकसाठी शाळेकडून मुलांच्या कल्पना पाठवणे (निवडलेल्या कल्पनेला १०,००० रुपये).
ऑक्टोबर : युसीड, जेईई मेनचे फॉर्म सुरू.
नोव्हेंबर-डिसेंबर : ऑलिंपियाड पहिला टप्पा, एनएमएमएस, टेकफेस्ट.
जानेवारी : सीईटीचा फॉर्म, युसीड परीक्षा.
फेब्रुवारी-मार्च : युविका नोंदणी.
एप्रिल-मे-जून : शिबिरं, सीईटी, नीट, नेस्ट.

तारखा दरवर्षी थोड्या पुढं-मागं होतात, म्हणून त्या त्या संस्थेच्या अधिकृत साईटवरच बघा. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर आधार नंबर आणि ओटीपी देऊ नका. "सीट पक्की करून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. वरच्या कुठल्याही ठिकाणी एजंट लागत नाही.

गावाने काय करायचं

दहावी-बारावी शिकलेल्या आईबापाने हे सगळं एकट्याने लक्षात ठेवणं अवघड आहे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनी तर काय करावं? म्हणून हे काम एकेका घरावर टाकून भागणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होते, त्यात पालकच असतात. पुढच्या बैठकीत एक विषय ठेवा : आठवी ते बारावीच्या मुलांचे फॉर्म कोण बघणार? गावात बीए, बीएस्सी झालेली दोन-तीन पोरं असतातच. त्यातल्या एकाला जबाबदारी द्या, ग्रामपंचायतीचं इंटरनेट वापरू द्या. भट्टीवर गेलेल्या घरातल्या मुलांची यादी आधी करा. फॉर्म सर्वात जास्त त्यांचेच राहतात, कारण फेब्रुवारीत ते गावात नसतात.

आणि शिबिराला जाणाऱ्या पोराच्या घरी मे महिन्यात कामाला एक हात कमी पडणार, हेही खरं. शेजाऱ्यांनी पंधरा दिवस ते काम ओढून न्यावं. आवणीला आपण एकमेकांच्या शेतात जातोच.

या आठवड्यात एकच करा. घरात आठवीच्या वरचं पोरगं असेल तर त्याचा उत्पन्नाचा दाखला काढून बघा, त्यावर मुदत काय लिहिली आहे. संपली असेल तर सोमवारी सेतूत जा. बाकीचं त्यानंतर.